गारबुवाची गोधडी

मित्रांनो, आधी माझ्या पाठीला हात लावून बघा. लागली ना गरम? आता दार उघडून पोटात हात घाला. कसं वाटतंय? गार! पोट थंड आणि पाठ गरम, असा मी उलट्या तब्येतीचा प्राणी. माणसाला असं झालं तर घरचे डॉक्टरकडे पळतील. मला असं झालं नाही, तर डॉक्टरला बोलवावं लागतं.

मी एक जुना, चार दारांचा फ्रीज आहे. घरातला नव्हे हं, दुकानातला. घरच्या फ्रीजचं काय हो, सकाळी दूध, संध्याकाळी भाजी, मधे आराम. आमचं दार दिवसभर उघडतं आणि मिटतं, जरा डोळा लागतोय म्हणेपर्यंत पुन्हा कुणाला तरी सरबत हवं असतं. महाडला एस. टी. स्टँडकडून चवदार तळ्याकडे जाऊ लागलात की महादूचं सरबताचं दुकान लागतं. तिथे मी उभा असतो. शाळेतले गुरुजी मला शीतकपाट म्हणतात, गिऱ्हाइकं फ्रीज म्हणतात आणि घरची माणसं गारबुवा म्हणतात. तुम्हीही गारबुवाच म्हणा, मला आवडतं.

माझं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. माझ्या अंगात नळ्या आहेत, नळ्यांत गॅस फिरतो. हा गॅस पोटात शिरतो, तिथली उष्णता गोळा करतो आणि पाठीमागच्या जाळीत येऊन ती बाहेर सोडतो. खाली मोटर आहे, ती गॅसला फिरवत ठेवते. मोटरीशेजारचा पंखा पाठीला वारा घालतो. म्हणजे मी काही थंडी बनवत नाही. आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो, एवढंच. घर झाडल्यावर केर उंबऱ्याबाहेर काढतात, तसंच हे. आता उंबऱ्यालगतच कुणी भिंत घातली, तर केर टाकायचा कुठे? एवढं ध्यानात ठेवा.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. रंग पांढराशुभ्र, कड्या पितळेसारख्या चकचकीत. तिथून फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात गेलो. तिथे माझ्या तोंडाकडे सगळे बघायचे. मालक रोज कड्या पुसून घ्यायचा. पाठीकडे मात्र कोणी ढुंकून बघितलं नाही. तिथे तेलकट धूळ साचली, कोळ्यांनी जाळी विणली. मग नवा फ्रीज आला आणि माझी रवानगी जुन्या बाजारात झाली. तिथे एक मोडका पंखा आणि तीन पायांची खुर्ची यांच्यामधे मी उभा होतो. वाईट वाटायचं हो! अजून अंगात दम असताना भंगारात उभं राहायचं म्हणजे काय!

तिथे मला महादू भेटला. मुंबईच्या गोदीत नोकरी करून तो आता गावी परतणार होता, आणि बायकोबरोबर सरबताचं दुकान काढायचं त्याच्या मनात होतं. त्याने माझी चारही दारं उघडून पाहिली, पोटात डोकं घालून वास घेतला आणि म्हणाला, "चल बाबा, आपल्या महाडाला चल."

ट्रकमधे चढवताना हमाल मला आडवा करणार होते. महादू ओरडला, "आडवा नाय करायचा! मोटरीतलं तेल नळ्यांत जाईल." हे त्याला बाजारातल्या कुणीतरी बजावून सांगितलं होतं आणि त्याने ते पक्कं धरून ठेवलं होतं. मग काय, मला उभा बांधला आणि महादू मला मिठी मारून माझ्याशेजारी उभा राहिला, थेट महाडपर्यंत. पेण गेलं, वडखळ गेलं, माणगाव गेलं, खड्डा आला की तो मला घट्ट धरी आणि पुटपुटे, "सांभाळ रे, सांभाळ." इतकी माया मला फोर्टातल्या हॉटेलात कधी मिळाली नव्हती.

महाडात मला बघायला सगळी आळी लोटली. महादूची बायको सोनाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून आली. महादूची आई प्रयागबाई मात्र लांब कट्ट्यावर बसून होती. अंगाने काटकुळी, नजर तीक्ष्ण. मी थंड झालो असं महादूने सांगितलं तेव्हा ती उठली, दार उघडून हात आत घातला आणि तसाच ठेवला.

"आगो बाय! ह्याच्या पोटात तर हिवाळा हाय!" ती म्हणाली. "महादू, हा काय साधा नाय रे, हा गारबुवा हाय."

झालं, माझं बारसं झालं!

तिथून पुढचे दिवस काय सांगू तुम्हाला! सुख सुख म्हणतात ते हेच. एका कप्प्यात लिंबाचं सरबत, एका कप्प्यात कोकमाचं, ताकाची बरणी, दुधाची पातेली, सोड्याच्या बाटल्या. आळीत दुसरा फ्रीज नव्हता, त्यामुळे सगळ्या आळीचं काही ना काही माझ्या पोटात असायचं. गुरुजींच्या बायकोचा गजरा असायचा. गुरांच्या डॉक्टरांची लस असायची. एकदा एका बाईने कागदात गुंडाळून सुके बोंबील ठेवले आणि त्या दिवशी लिंबाचं सरबत प्यायलेल्या माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली. सोनाबाईने त्या बाईची अशी काही हजेरी घेतली की बोंबील पुन्हा माझ्या वाटेला आले नाहीत.

दूध घेऊन यायची ठमाबाई. पाचाडच्या वाटेवर, वर डोंगरात तिची वाडी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दुधाची किटली. उन्हातून उतरून यायची, दूध मापून द्यायची आणि प्रयागबाईशेजारी कट्ट्यावर टेकायची. दोघी साधारण एका वयाच्या. भात किती झालं, सून कशी वागते, म्हैस कधी व्याली, असल्या गप्पा तासभर चालत. प्रयागबाई रोज विचारी, "पानी देव काय गो?"

ठमाबाई रोज सांगे, "नको गो. तान नाय."

मला नवल वाटायचं. कपाळावरून घाम निथळतोय, ओठ सुकलेत आणि म्हणे तान नाय! प्रयागबाई तांब्या परत जागेवर ठेवून देई. माणसांतल्या या गोष्टी मला कळत नाहीत. मला आपलं गार कळतं आणि गरम कळतं.

मग एकदा ही गोष्टही मला कळली. मार्च जवळ आला होता. मित्रांनो, वीस मार्चला आमच्या महाडात माणसांचा पूर येतो. नागपूरहून, मराठवाड्यातून, मुंबईहून, खेड्यापाड्यांतून माणसं येतात, निळे झेंडे घेऊन चवदार तळ्यावर जातात. एके काळी ज्यांना या तळ्याच्या पाण्याला शिवायची बंदी होती, त्यांनी त्या तारखेला ओंजळ भरून हे पाणी प्यायलं, त्याची ही आठवण. माझ्या घरची माणसं त्यांच्यातलीच. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची तसबीर, आणि त्यांच्यासमोर मी.

अशाच एका संध्याकाळी प्रयागबाई महादूला म्हणाली, "मी ल्हान व्हते तवा पोलादपूरकडं आमच्या गावात हीर व्हती. आमी लांब उभं ऱ्हायाचं. कुनाला दया आली तर तो वरून वतायचा, आमी ओंजळ धरायची. निम्मं पानी हातातून गळून जायाचं. माझ्या हातचं पानी कोन पील, असं मला सपनात पन वाटलं नाय. ह्या साली मी आपल्या दारात बसनार. येनाऱ्या जानाऱ्याला माझ्या हातानं पानी देनार."

"दे की आये," महादू म्हणाला. "दोन माठ भरून ठेवू."

"माठाचं पानी कोनबी देल!" म्हातारी उसळली. "साहेबाच्या हापिसात मिलतं तसलं गार पानी मला द्यायाचं हाय. गारबुवाचं पानी. आनि इकायचं नाय, फुकट द्यायाचं."

ऐकून माझी मोटर अशी भरून आली म्हणता! साऱ्या आळीत बातमी गेली. सोनाबाईने गिलास घासून रांग लावली. महादूने पितळेचा मोठा तांब्या आणला. आणि प्रयागबाईने माझ्यासाठी गोधडी शिवायला घेतली.

हो, गोधडी! हसू नका. तिचं म्हणणं अगदी शहाणपणाचं होतं. बंदरावरून मच्छीचा बर्फ येतो, तो कसा येतो? भाताच्या तुसात पुरलेला, वर गोणपाट घातलेला. उघडा ठेवला तर वितळून जातो. मग गारबुवाच्या पोटातला गारवा उघड्यावर कसा टिकेल? उन्हाळा तर डोक्यावर आलेला. म्हातारीने आपली जुनी लुगडी काढली, हिरवं, जांभळं, आणि एक लग्नातलं. दुपारभर बसून बारीक धावदोरा घातला. ठमाबाईने वाडीवरून पोतंभर तूस आणून दिलं. महादूने मला भिंतीशी सारलं आणि माझ्या पाठीमागची फट तुसाने गच्च भरली. वरून खालपर्यंत गोधडी पांघरली, दारांपुरती कापून. चुलीजवळ मी आधीच होतो, आता आणखी चिकटलो. लोक म्हणाले, "वा! नवरदेव दिसतोय!"

मलाही आधी कौतुकच वाटलं. लग्नातल्या लुगड्याची गोधडी कुणाच्या नशिबी येते?

पण दुपार झाली आणि माझा जीव घाबरा झाला. पोटातली उष्णता उचलून मी पाठीकडे नेली, तर पाठीशी तूस. पंखा गरगरतोय, पण वारा येणार कुठून? उष्णता बाहेर जाईना, तिथेच घुटमळू लागली आणि फिरून पोटात येऊ लागली. मोटर थांबेचना. एरवी पोट पुरेसं गार झालं की ती टक् करून थांबते, जरा विसावा घेते, पुन्हा चालू होते. आता विसावा कुठला! सकाळपासून संध्याकाळपर्यंत घुंई घुंई घुंई. वर बर्फाच्या कप्प्यात मात्र बर्फाचा डोंगर साचला, कारण एका दाराचं रबर सैल पडलं होतं आणि त्यातून बाहेरची दमट हवा आत यायची. महादू कौतुकाने म्हणायचा, "बघा, केवढा बर्फ धरलाय!" अरे बाबा, तो बर्फ कप्प्याच्या अंगावर गोधडीसारखाच बसला होता. तिथेही गॅसला उष्णता घेता येईना. आत एक गोधडी, बाहेर एक गोधडी, आणि मधे मी!

ताक आंबट झालं. मग दूध नासलं. सरबत पिऊन एक गिऱ्हाईक म्हणालं, "महादू, हे गार केलंयस का गरम?" शेजारच्या दुकानदाराने लांबूनच निदान केलं, "गॅस संपला. आता मुंबईला न्यावा लागणार." दुसऱ्याने सांगितलं, "जुना माल, त्याचं आयुष्य सरलं." सोनाबाईला वाटलं पांघरूण कमी पडतंय, तिने वरून एक चादर घातली. बोला आता!

प्रयागबाई रोज सकाळी दार उघडून माझ्या पोटात हात घालायची. पहिल्या दिवशी तिने घातला होता तसाच. हात बाहेर काढून पदराला पुसायची. जेवणात तिचं लक्ष लागेना. वीस तारीख दोन दिवसांवर आली तेव्हा महादू म्हणाला, "आये, मच्छीचा बर्फ आणतो वाईच, पाण्यात टाकू."

"मच्छीचा बर्फ?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लोकं इतक्या लांबून येनार, आनि मी त्यांना मच्छीच्या बर्फाचं पानी देव? त्यापरीस नकोच. माझ्या नशिबात नाय, झालं."

मित्रांनो, मला तोंड असतं ना, तर मी ओरडलो असतो, 'गोधडी काढ गो आये, गोधडी काढ!' पण मला आहे फक्त घुंई. मी घुंई घुंई करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादू बिरवाडीला जाऊन दत्तारामला घेऊन आला. दत्ताराम तिथल्या एका कारखान्यात थंड गोदामाची यंत्रं सांभाळायचा, बिरवाडीतच भाड्याच्या खोलीत राहायचा. केसांचा कोंबडा, रंगीत बुशशर्ट, आणि तोंड तर माझ्या मोटरीहून जोरात. चार वर्षं मुंबईत काढलेली, तेव्हा हिंदी मधेमधे डोकवायचंच. दारातूनच ओरडला, "कुठाय पेशंट?" आणि मला बघून जागच्या जागी थांबला.

"अरे बापरे! ह्याला थंडी वाजते काय? मलेरिया झालाय?"

"गारवा जाऊ नाय म्हनून पांघरलीय," प्रयागबाई ताठ बसून म्हणाली. "बर्फाला तूस घालतात ना?"

दत्तारामने गोधडी उचलली, मला दोन्ही हातांनी पुढे ओढलं, आणि पाठीमागचं तूस धबाधबा खाली कोसळलं. सगळ्या दुकानात धूळ उडाली. महादू शिंकला, सोनाबाई शिंकली, नुकतीच दूध घेऊन आलेली ठमाबाई दारात उभी राहून शिंकली. त्या तुसातून एक उंदीर निघाला आणि गिलासांच्या रांगेमधून बाहेर पळाला. दत्ताराम पोट धरून हसू लागला. मग त्याने माझ्या पाठीला हात लावला आणि हसू आवरलं.

"आजी, हात लावा इथं. सांभाळून."

प्रयागबाईने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. "आगो! पोळला!"

"बर्फाला काम करायचं नसतं. तो नुसता पडून असतो. त्याला पांघरूण घाला, चालेल. हा गारबुवा राबतो. आतली गरमी पाठीतून बाहेर टाकतो. तुम्ही त्याची पाठच बुजवली. गॅस-बिस काय संपला नाय. ह्याचा श्वास कोंडलाय."

प्रयागबाई खाली बसली. "म्हंजे मीच ह्याचा गळा दाबला काय रे?" तिने हळूच विचारलं. "लग्नातलं लुगडं घातलं त्यात. मायेनं घातलं."

मला इतकं वाईट वाटलं! तेवढ्यात दारातून ठमाबाई म्हणाली, "तू एकलीच काय म्हनून? गोधडी तुझी, पन तूस माझं हाय. दोघींनी मिळून दाबला गो ह्याचा गळा." आणि ती अशी खो खो हसली की प्रयागबाईलाही रडता रडता हसू फुटलं.

"रडनं नंतर," दत्ताराम म्हणाला. "टाइम खोटी नहीं करने का. बादली आणा, फडकी आणा, मऊ ब्रश आणा."

आणि मग माझी जी सेवा झाली ती मी जन्मात विसरणार नाही. आधी त्याने माझी विजेची पिन काढली. पिन काढल्याशिवाय माझ्या पाठीत कुणी हात घालायचा नाही, हे तुम्हीही लक्षात ठेवा. बर्फाचा डोंगर बघून महादू कोयती घेऊन धावला, तशी दत्तारामने त्याचा हात धरला. "नळी फुटली तर गॅस खरंच जाईल! दारं उघडी टाका, बर्फ आपोआप गळू द्या." पाठीच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने वरून खाली झाडायची होती. नळ्यांच्या मधे दत्तारामची जाड बोटं शिरेनात. तेव्हा प्रयागबाई सरसावली. तिच्या काटकुळ्या बोटांनी ती एकेक नळी फडक्याने पुसत गेली. दुसऱ्या बाजूने ठमाबाई बसली. मुंबईची जुनी तेलकट धूळ, कोळ्यांची जाळी, तूस, सगळं निघालं. गुदगुल्या होत होत्या हो! हसता आलं असतं तर सगळ्या बाटल्या किणकिणल्या असत्या.

दाराच्या रबराची दत्तारामने गमतीने परीक्षा घेतली. खिशातून एस. टी.चं तिकीट काढलं, दारात धरून दार लावलं आणि ओढलं. तीन दारांनी तिकीट घट्ट धरून ठेवलं. चौथ्या दाराने सोडून दिलं. "हा बघा चोर!" ते रबर त्याने साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं, खाचेतला चिकट सरबताचा थर काढला, गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सरळ केलं. मग त्या दारानेही तिकीट धरलं. मला भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, चुलीपासून लांब नेलं, डावा पाय कलता होता तिथे लाकडाची पट्टी सारली.

काम संपलं तेव्हा दोघी म्हाताऱ्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. प्रयागबाईने तांब्या घेतला आणि ठमाबाईच्या हातावर पाणी घातलं. मग ठमाबाईने तांब्या घेऊन तिच्या हातावर घातलं.

पिन लावली. मोटर सुरू झाली. घुंई. सगळे माझ्याभोवती उभे. पाठीला वारा लागत होता, काय सांगू, मोकळं मोकळं वाटत होतं! सोनाबाईने पाण्याची भांडी भरून आत ठेवली, अगदी खच्चून नाही, मधे हवा खेळेल अशी. कोणी दार उघडायचं नाही, असं दत्तारामने बजावलं. दुपार गेली, ऊन कलंडलं.

आणि टक्! मोटर थांबली.

प्रयागबाईचा चेहरा पांढरा पडला. "मेला काय रे?"

"मेला नाय आजी, झोपला!" दत्तारामने टाळी वाजवली. "पोट गार झालं म्हणून थांबला. इतके दिवस थांबत नव्हता, तोच त्याचा आजार होता. थांबला म्हणजे बरा झाला. उघडा आता दार!"

प्रयागबाईने दार उघडून हात आत घातला. नुसता हात ठेवून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. महादू म्हणाला, "आये, दार लाव गो, गारवा जातोय!" तेव्हा सगळे हसले.

वीस मार्च उजाडला. माणसांचा पूर आला. "जयभीम माय!" "जयभीम बाबा, पानी प्या." दुकानाच्या दारात प्रयागबाई पाटावर बसली होती, स्वच्छ पांढरं लुगडं नेसून. सोनाबाई आतून भांडी काढून देई, महादू नवी भरून ठेवी. म्हातारी गिलास भरी आणि देई. नागपूरची माणसं प्यायली. परभणीच्या बाया प्यायल्या. एक आजोबा गिलास कपाळाला लावून म्हणाले, "हे तर बर्फावानी हाय." मी आतून फुलून गेलो. मोटर चाले, थांबे, चाले, थांबे. काम होतं, पण दम लागत नव्हता.

उन्हं चढली तेव्हा गर्दीतून वाट काढत ठमाबाई आली. त्या दिवशी दूध नको असं तिला सांगितलं होतं, आणि किटलीही तिच्याजवळ नव्हती. ती रांगेत उभी राहिली. परभणीच्या बायांच्या मागे, डोक्यावर पदर घेऊन, रीतसर रांगेत. पुढे सरकत सरकत प्रयागबाईसमोर आली.

प्रयागबाईने वर बघितलं. रोजच्या सवयीने तांब्याकडे गेलेला हात तिने मागे घेतला. "तुला तान नाय गो," ती हसून म्हणाली. "मला ठाव हाय."

ठमाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग खाली बसली, प्रयागबाईच्या अगदी समोर.

"आज हाय," ती म्हणाली.

प्रयागबाईने तांब्या उचलला. गिलास काठोकाठ भरला आणि थोडं पाणी पाटावर सांडलं. ठमाबाईने तिच्या हातातून गिलास घेतला, वर धरून नाही, थेट ओठांना लावून घटाघटा प्यायली. तोंड पुसलं आणि रिकामा गिलास पुन्हा पुढे धरला.

"आजून वाईच दे गो, प्रयाग. लई दिसांची तान हाय."

मित्रांनो, माझ्या पोटात तेव्हा काय झालं ते मला सांगता येत नाही. मला आपलं गार कळतं आणि गरम कळतं. पण त्या क्षणाला मी सगळ्या अंगाने एकदम गारही होतो आणि गरमही होतो.

त्याला आता काही वर्षं झाली. माझ्या रंगाचे पोपडे निघालेत, एक कडी बदलली आहे, पण तब्येत ठणठणीत. आमच्या घरी पौर्णिमा पाळतात. संध्याकाळी सगळे विहारात जातात, आणि त्या दिवशी सकाळी माझी पाळी असते. पिन काढायची, पाठ झाडायची, पुसायची, बर्फ गळू द्यायचा, रबर धुवायचं, एस. टी.चं तिकीट दारात धरून बघायचं. दर पौर्णिमेला ठमाबाई मुद्दाम लवकर उतरते. एक बाजू तिची, एक बाजू प्रयागबाईची. कोणाची बाजू जास्त चकचकीत यावरून त्यांचं रोज नाही, पण पौर्णिमेला नक्की भांडण होतं. मला पुसायचं फडकं त्या गोधडीच्याच जांभळ्या तुकड्याचं आहे. उरलेली गोधडी दुकानाच्या कट्ट्यावर अंथरलीय, उन्हातून आलेल्या माणसांनी टेकायला. लग्नातल्या लुगड्याचा तुकडा अगदी मधोमध आहे.

तर बाळांनो, आमच्यावर माया करा, पण बघून करा. आम्ही काय करतो, कसे जगतो, ते आधी विचारा. आम्हाला हार नकोत, पांघरूण नको. पाठीमागे वीतभर जागा द्या, महिन्याकाठी पाठ पुसा, पोट खच्चून भरू नका, दार उगाच उघडं टाकू नका. मग आम्ही म्हातारपणीसुद्धा तुमच्यासाठी राबतो, आणि आनंदाने राबतो.

आणि महाडला आलात तर आमच्या दुकानावरून जा. प्रयागबाई दारात बसलेली असेल, शेजारी ठमाबाई असेल. तांब्या पुढे करून ती विचारील, "पानी देव काय?" तेव्हा संकोच करू नका. तान लागली असेल, तर 'हाय' म्हणा.